प्रीमियर पद्मिनीला दोन नळ्यांचा कार्बोरेटर बसवल्यावर गाडी उन्हात वारंवार बंद पडते : चार महिन्यांत सापडलेली कारणं

गरम गाडी बंद केली, पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन उचलत नाही. बॉनेटमधून पेट्रोलचा वास येतो. अर्धा-पाऊण तास थांबलं की तीच गाडी काहीच झालं नव्हतं अशी चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत ती थंड झालेली असते, त्यामुळे दोष दिसतच नाही. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) फुंकून, प्लग घासून परत मिळते, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी भर चौकात पुन्हा तेच.

जुना एकनळी कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, काढून दुसऱ्या गाडीचा दोन नळ्यांचा बसवलेल्या आणि आता या त्रासात सापडलेल्या पद्मिनीवाल्यांसाठी हे लिहितो आहे. माझी गाडी 1984 ची, वडिलांनी घेतलेली. तिने मला मार्चपासून जूनपर्यंत दमवलं. तीनदा दुरुस्त झाली, तीनदा दुखणं परत आलं. कारण एक नव्हतं, एकावर एक बसलेली कारणं होती. वरचं काढलं की थोडा आराम पडायचा, आपण समाधानाने बॉनेट लावायचो आणि खालचं तसंच राहायचं.

आधी कार्बोरेटर का बदलला ते सांगतो, कारण पुढचा सगळा गुंता तिथून सुरू झाला. मूळचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर चाळीस वर्षं चालला. त्याच्या थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल इतका झिजला होता की बोटाने हलवला तर खुळखुळायचा. तिथून हवा शिरते, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची संथ गती, कधीच एका जागी राहत नाही. नवीन बुश बसवून मिळाला असता, आणि आज कुणी विचारलं तर मी आधी तेच करा म्हणेन. पण मला नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर थोडा जास्त जोर हवा होता. कबाडीकडे एका जपानी घाटणीच्या छोट्या गाडीचा दोन नळ्यांचा कार्बोरेटर चांगल्या अवस्थेत मिळाला, आणि जानेवारीत तो ॲडॅप्टर प्लेटवर (मधल्या जोडपट्टीवर) चढला.

मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, असा समज सगळीकडे आहे. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, 68 मिमी बोअर आणि 75 मिमी स्ट्रोक, मुळात फियाट 1100 चंच. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा घेतं. म्हणजे 5000 फेऱ्यांना मिनिटाला फार तर 2700 लिटर, आणि प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून 2200 च्या आसपास. एवढी हवा साधारण कोणताही छोटा कार्बोरेटर देऊ शकतो. व्हेंचुरी, म्हणजे नळीचा अरुंद गळा, गरजेपेक्षा मोठी घेतली तर तिथला हवेचा वेग कमी होतो, नोझलमधून पेट्रोल ओढायला जोर उरत नाही, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी आधी गुदमरते मग पळते. दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचा खरा फायदा वेगळा आहे. पहिली नळी बारीक असते, शहरात तिच्यावरच काम चालतं. पाय खाली गेला की दुसरी उघडते. त्यामुळे कमी वेगात ओढ टिकते आणि वर दम राहतो. पुढे-मागे उघडणारा असाच घ्यावा. दोन्ही नळ्या एकदम उघडणारा या इंजिनाला शोभत नाही.

जानेवारीत, फेब्रुवारीत गाडी सुरेख चालली. नागपूरची थंडी सगळं झाकते. गुलाबी गारव्यात फुटाळा तलावाला चक्कर मारून येताना मला वाटायचं की उगाच इतकी वर्षं थांबलो. मार्चच्या मध्यात ऊन तापलं आणि गाडी पहिल्यांदा व्हरायटी चौकात बंद पडली.

पहिल्या गॅरेजने मेन जेट लहान आहे म्हणून मोठा टाकला. त्रास वाढला. दुसऱ्याने कॉइल बदलली. तिसऱ्याने इंजिनावरच्या पेट्रोल पंपात दोष काढला आणि इलेक्ट्रिक पंप सुचवला. तो मी बसवला नाही, याचं आज बरं वाटतं. एप्रिलच्या शेवटी आईला घेऊन रामटेकला गेलो होतो. परतताना मनसरला चहाला थांबलो, आणि गाडी चालूच होईना. दुपारचे दोन, रस्त्यावर सावलीला झाड नाही, आई मागच्या सीटवर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलेली. ती एक शब्द बोलली नाही. चाळीस मिनिटांनी गाडी चालू झाली. घरी आल्यावर मी एक वही काढली.

वहीने जे सांगितलं ते कुठल्याही गॅरेजने सांगितलं नव्हतं. गाडी कधी बंद पडली, त्याआधी किती वेळ चालली होती, थांबवून किती मिनिटं झाली होती, बाहेर ऊन किती, आणि शेवटी कशाने चालू झाली, एवढंच लिहायचो. दोन आठवड्यांत चित्र उघड झालं. साठच्या वेगाने चालत असताना ती एकदाही बंद पडली नव्हती. सकाळी सातला कधीच नाही. थांबवल्यानंतर पाच मिनिटांच्या आत किल्ली फिरवली तर चालू व्हायची. आठ ते पंचवीस मिनिटं हा घातवार. त्यानंतर पुन्हा ठीक. तुमच्या गाडीला हा त्रास असेल तर पाना हातात घेण्याआधी वही घ्या, एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

आता मूळ मुद्दा. "उन्हात गाडी बंद पडते" याला आपल्याकडे सरसकट व्हेपर लॉक म्हणतात, आणि ओलं फडकं एसी पंपावर, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर, टाकतात. जुने टॅक्सीवाले हे करायचे आणि त्यांच्या गाडीत ते बरोबरही होतं. पण गरम गाडी चालू न होण्याची तीन वेगळी दुखणी आहेत. बाहेरून ती सारखी दिसतात, आणि त्यातल्या दोघांचा उपाय एकमेकांच्या उलट आहे.

पहिलं दुखणं पेट्रोल न पोहोचण्याचं. पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ दाबत बसतो, पुढे काही जात नाही. हा खरा व्हेपर लॉक. तो बहुधा चालत्या गाडीत होतो, चढावर किंवा रेंगाळणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. गाडी आचके देते, जोर जातो, मग बंद पडते.

दुसरं दुखणं पेट्रोल जास्त होण्याचं. चालत्या गाडीत पंखा हवा मारतो, थंड पेट्रोल सतत येत असतं, म्हणून फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी कुंडी) त्यातल्या त्यात थंड राहतो. गाडी बंद केली की वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि खालच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, सगळी धग वर चढते. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि वाफेच्या दाबाने मेन नोझलमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) सांडतं. इंजिनात इतकं पेट्रोल जमतं की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच 44-45 असतं. म्हणजे टाकीतलं पेट्रोल निघतानाच अर्धं तयार असतं.

तिसरं दुखणं विजेचं. तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो, ठिणगी बारीक पडते. थंड झालं की सगळं परत नीट.

यातलं कोणतं, हे रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत कळतं. गाडी चालू होत नाही त्याच क्षणी एअर फिल्टर काढा. बिडी-सिगारेट लांब, आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर हाताशी, हे सांगायला नको तरी सांगतो. टॉर्चने नळीत बघा. नोझलमधून थेंब गळताना दिसले, खाली ओल चमकत असली आणि वास नाकात भरला तर दुखणं दुसरं. काही गळत नसेल तर थ्रॉटल हाताने एकदा झटक्यात उघडा. ॲक्सिलरेटर पंपाची (पाय दाबल्यावर जास्तीचं पेट्रोल टाकणाऱ्या भागाची) सरळ, भरीव धार पडली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे, मग ठिणगीकडे बघा. धार न पडता नुसता फुसफुसाट आणि बुडबुडे आले तर चेंबर रिकामा, दुखणं पहिलं. एक खाच मात्र आहे. पेट्रोल उकळून बराच वेळ गेला तर चेंबर आपोआप रिकामा होतो आणि पहिल्या दुखण्यासारखंच दिसतं. म्हणून बंद पडल्यापासून किती मिनिटं झाली ते महत्त्वाचं.

ठिणगीसाठी मधली एचटी वायर (कॉइलकडून येणारी जाड वायर) डिस्ट्रिब्युटरमधून काढायची, रबराची पकड वापरून तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळसर आणि मिणमिणती असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. आणि नळीत पेट्रोल सांडलेलं दिसलं असेल तर ही तपासणी तिथे करू नका. वाफ उडून जाऊ द्या.

सांडलेल्या गाडीला चालू करायची रीत अशी : ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून तसाच धरायचा, वरखाली अजिबात करायचा नाही, आणि सेल्फ आठ-दहा सेकंद मारायचा. पूर्ण उघड्या थ्रॉटलमधून हवा जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जातं. वरखाली पाय मारला की प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत टाकतो. मी मनसरला नेमकं तेच करत होतो. व्हेपर लॉकच्या गाडीला मात्र चोक ओढून, पंपावर ओलं फडकं टाकून, थांबत थांबत सेल्फ मारावा लागतो. एकाचं औषध दुसऱ्याला विष होतं ते असं.

माझं दुखणं दुसरं होतं हे वहीने आणि टॉर्चने ठरवलं. मग कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते आता गॅरेज चालवत नाहीत, मुलाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. मी वही दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरखाली बोट घातलं.

"भाऊ, बेकेलाइट कुठी गेलं?"

मूळ कार्बोरेटरखाली बेकेलाइटचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचं, जाड पॅकिंग होतं. नवीन कार्बोरेटर उंच, त्यात ॲल्युमिनियमची ॲडॅप्टर प्लेट, मग एअर फिल्टर बॉनेटला लागायला लागला. जागा करण्यासाठी बसवणाऱ्याने बेकेलाइट काढून टाकलं होतं आणि कागदाचं पातळ पॅकिंग लावलं होतं. ॲल्युमिनियम उष्णता झटकन पुढे देतं. थोडक्यात मॅनिफोल्डची धग फ्लोट चेंबरपर्यंत नेणारा रस्ताच आम्ही बांधला होता. पद्मिनीत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, एक्झॉस्ट खाली आणि कार्बोरेटर वर, त्यामुळे या इंजिनात बेकेलाइट हे साधं पॅकिंग नाही, तो कार्बोरेटरचा खरा बचाव आहे.

उपाय दोन थरांत केला. ॲडॅप्टर आणि कार्बोरेटरच्या मध्ये 8 मिमीचं बेकेलाइट कापून घेतलं, दोन्ही बाजूंना नवीन पॅकिंग. त्याच सांध्यात दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा धरला, फ्लोट चेंबरच्या खाली ताटासारखा पसरलेला, म्हणजे खालून येणारी सरळ धग अडते. पत्रा मॅनिफोल्डला कुठे टेकता कामा नये. उंचीचा प्रश्न एअर फिल्टरचं बूड बदलून, बसकं करून सोडवला. स्टड लांब लागले, ते लेथवाल्याने करून दिले. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर मी आधीच घेतलं होतं. पूर्वी गाडी बंद केल्यावर दहा-बारा मिनिटांत फ्लोट चेंबरचा आकडा 70 च्या पुढे जायचा, आता 60 च्या आत थांबायला लागला.

मला वाटलं संपलं. चार दिवस ठीक गेले, पाचव्या दिवशी सीताबर्डीत पुन्हा बंद. वास पूर्वीइतकाच.

काकांनी या वेळी कार्बोरेटरच्या अंगाला बाहेर आलेल्या बारीक नळ्या मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या गाडीतून आलेल्या कार्बोरेटरला अशा चार-पाच नळ्या असतात. काही व्हॅक्युमच्या, काही मूळ गाडीतल्या प्रदूषण नियंत्रणासाठीच्या. आपल्या गाडीत त्या जोडायला काही नसतं, म्हणून बसवणारा सगळ्यांवर रबराची टोपी चढवतो. माझ्याही सगळ्या बंद होत्या.

"ही काहून बंद केली? हे तर नाक होय तिचं. नाकच दाबून ठेवलं तुम्ही. वाफ जाईन कुठून?"

ती फ्लोट चेंबरची श्वासनळी होती. चेंबरमध्ये होणारी वाफ तिथून निघून जायला हवी. ती बंद केली की वाफेला एकच वाट उरते, पेट्रोलला नोझलमधून बाहेर ढकलणं. बेकेलाइट लावल्यावर उकळणं कमी झालं, थांबलं नव्हतं, आणि जी काही वाफ होत होती ती अजूनही कोंडत होती. हे कारण मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठासून सांगतो. व्हॅक्युमच्या नळ्या बंद केल्याच पाहिजेत, नाहीतर तिथून हवा शिरते. श्वासनळी उघडी राहिलीच पाहिजे. कोणती कोणती, हे ओळखायला टोपी काढून, इंजिन चालू असताना बोटाचं पेर टेकवा. आयडलिंगला बोट ओढलं गेलं तर ती मॅनिफोल्डची व्हॅक्युम. आयडलिंगला ओढ नाही पण रेस दिल्यावर आली तर थ्रॉटलच्या वरच्या बाजूची, तुमच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची डबी असेल तर बहुतेक तिच्यासाठीची. कधीच ओढ नाही, आणि इंजिन बंद असताना हळूच फुंकर मारली तर चेंबरमध्ये हवा गेल्याचं जाणवतं, ती श्वासनळी. तिला रबरी नळी लावून तोंड एअर फिल्टरच्या आत, गाळलेल्या बाजूला सोडा. उघड्यावर सोडली तर पेट्रोलची वाफ गरम मॅनिफोल्डवर पडेल, ते धोक्याचं आहे.

या जोडीनंतर थांबवून चालू करण्याचा त्रास गेला आणि परत आला नाही. पण आता एक नवीनच गोष्ट दिसू लागली, जी आधीच्या गोंधळात दबून गेली होती. गरम झाल्यावर आयडलिंग आपोआप वर जायचं, मग खाली पडायचं, आणि लांब सिग्नलला इंजिन मरायचं. वास नाही. प्लग काढले तर पांढरट. इंजिन पातळ मिश्रणावर चालत होतं, कुठून तरी जास्तीची हवा शिरत होती.

पेट्रोल फवारून हवागळती शोधायची सवय सोडून द्या, गरम मॅनिफोल्डवर ते जीवावर बेतू शकतं. तेलाच्या कुपीने इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सांध्यावर सोडत जायचं. जिथे गळती आहे तिथे तेल आत ओढलं जातं, आयडलिंग क्षणभर बदलतं. माझ्या ॲडॅप्टर प्लेटच्या मागच्या कोपऱ्यात तेल दिसेनासं झालं.

प्लेट काढून काचेवर ठेवली तर ती डगमगली. कार्बोरेटरचं बूडही सरळ नव्हतं. ते झिंकच्या मिश्रधातूचं असतं, दोन टोकांचे नट जोर लावून आवळले की मध्यभाग केळ्यासारखा उचलला जातो. थंडीत पॅकिंग ती फट भरून काढतं, गरम झाल्यावर धातू फुगतो आणि फट उघडते, म्हणून लक्षण फक्त गरम गाडीत. जाड काचेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, थोडं तेल, आणि कार्बोरेटरचं बूड आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवायचं. दोन-दोन मिनिटांनी बघायचं. सगळीकडे सारखा मॅट रंग आला की झालं. हे काम मी घरी, कूलरसमोर बसून, एका संध्याकाळी केलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत समाधान याच कामाने दिलं. आवळताना नट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत. आलटून पालटून, थोडे थोडे, आणि बेकेलाइट चिरडेल इतकं कधीच नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, एकदा पुन्हा तपासायचे. बेकेलाइट बसतं आणि नट सैल होतात.

याच वेळी प्लेटच्या आतली कड पाहिली. कार्बोरेटरची भोकं आणि मॅनिफोल्डचं तोंड यांच्यात पायरीसारखी कड राहिली होती. त्या कडेवर पेट्रोलचे थेंब साचतात आणि ओघळून एकाच बाजूच्या सिलिंडरला जास्त जातात. कड फाइलने उतरती केली.

पेट्रोलच्या वाटेबद्दल थोडक्यात. नवीन कार्बोरेटरचं तोंड दुसऱ्या बाजूला असल्यामुळे पाइप एक्झॉस्टच्या वरून वळवला होता. तो पुढून, पंख्याच्या वाऱ्यातून नेला. टाकीकडे परत जाणारी बारीक लाइन नव्याने जोडली, तिच्यात दीड मिलिमीटरचं छिद्र ठेवलं. त्यामुळे पेट्रोल पाइपमध्ये थांबून तापत नाही, फिरत राहतं, आणि फ्लोटच्या निडलवर (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर) दाबही मर्यादेत राहतो. या कार्बोरेटरना अडीच-तीन पीएसआयच्या वर दाब सोसत नाही. इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप चाळीसच्या आसपास देतो. तो लावला तर निडल उचलली जाईल आणि पेट्रोल वरून वाहील. एसी पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, बदलला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर तुमचाही फाटला आहे, आणि ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरून बेअरिंग खातं. तसं असेल तर गाडी चालवू नका, आधी डायफ्रॅम बदला आणि ऑइलही.

जेटकडे मी सगळ्यात शेवटी आलो, आणि तेच योग्य होतं. हवागळती असताना जेट बदलणं म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतत राहणं. पण एक खरी गरज आज आहे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला ती साधारण 13.5 होते. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेल्या जेटमधून आज जे येतं ते आठेक टक्के कमी पडतं. सोलेक्स किंवा वेबर कंपनीच्या मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. 125 च्या जागी 130 टाकला तर क्षेत्रफळ आठ टक्के वाढतं, कारण ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. एक पायरी पुरते. दुसऱ्या बनावटीच्या जेटवरचे आकडे वेगळ्या पद्धतीने मोजलेले असू शकतात, त्यांची थेट तुलना करू नका. आणि रीमर घालून भोक मोठं करू नका. जेटच्या तोंडाचा उतार बिघडला की आकड्याला अर्थ राहत नाही. पहिल्या गॅरेजने टाकलेला जेट दोन पायऱ्या मोठा होता, तो एक पायरी खाली आणला. वीस किलोमीटर वर्धा रोडला चालवून, बुटीबोरीच्या अलीकडे थांबून, क्लच दाबून इंजिन लगेच बंद करून प्लग बघितले. फिकट तपकिरी.

इथेनॉल जुन्या रबरालाही खातं. पाइप बदलताना एसएई जे30 आर9 असं छापलेला घ्या, साधा काळा पाइप वर्षभरात आतून सोलून निघतो आणि त्याचे कण निडलमध्ये अडकतात. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि झिंकच्या कार्बोरेटरमध्ये तळाशी पांढरा चुरा जमतो.

एक छोटी गोष्ट राहिली. जपानी घाटणीच्या कार्बोरेटरवर आयडलिंगचं पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असतो, त्याला किल्लीवरून 12 व्होल्ट लागतात. वायर सैल असेल तर पाय काढल्याबरोबर गाडी बंद पडते, रेसवर ठीक चालते. किल्ली चालू-बंद केल्यावर त्याचा टक्कन आवाज आला पाहिजे. माझ्या गाडीत हा दोष नव्हता, पण ओळखीच्या एका पद्मिनीत दोन महिने याच वायरने छळलं.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर, 27 मेला, मुद्दाम दुपारी दोनला पुन्हा रामटेकला गेलो. आई म्हणाली मी येते. परतताना मनसरला त्याच टपरीवर थांबलो, घड्याळ लावून सोळा मिनिटं. ॲक्सिलरेटर एक चतुर्थांश दाबून धरला, किल्ली फिरवली, दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. जूनमध्ये पहिल्या पावसाआधीच्या दमट उकाड्यात दोनदा आयडलिंग किंचित हललं. नट तपासले, मागचा एक पाव फेरा सैल झाला होता. आता दर दोन महिन्यांनी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, सकाळी तेवढं बघतो आणि वहीत तारीख लिहितो.